सज्जाकोठी राहूनच गेली

वीस महिन्यांच्या पोरीला घेऊन आम्ही पहिल्यांदा फिरायला बाहेर पडलो ती तारीख १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. २९ जानेवारीला मालवणहून परत आलो. मधल्या अडीच महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण नोव्हेंबरात मी असंच कुणीतरी लिहिलेलं शोधत होतो आणि सापडत होत्या त्या सगळ्या बाळाच्या बॅगेत काय भरायचं याच्या याद्या. बॅग आम्हाला भरता येत होती. अडत होतं ते दुसरंच.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, माझी आई (वय ६८) आणि ठमी. ठमी हे तिचं खरं नाव नाही, पण हाक मारली की ओ देते ती याच नावाला. खऱ्या नावाचा पुढे एक वेगळाच घोटाळा निघाला, तो येईलच.

पन्हाळा आमच्या कोल्हापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. कॉलेजात असताना नुसती भाकरी खायची म्हणून आम्ही रात्री गाड्या काढून वर जायचो. त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा. म्हटलं, लेकीची पहिली सहल तिथेच. मी रात्री यादी केली: तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, तबक उद्यान, येताना जोतिबा. बायकोने ती वाचली आणि काही न बोलता परत दिली. ते न बोलणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

नऊला निघायचं होतं. आठ पन्नासला ठमी आंघोळ करून, नवा फ्रॉक घालून तयार. आठ पंचावन्नला डायपर भरला. तो बदलला तर तिला भूक लागली. दूध झालं तर ‘बूट नको’ सुरू झालं. शिवाजी पूल ओलांडला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. वाघबीळच्या पुढे घाट सुरू झाला, दुसऱ्या वळणावर ठमीने आईच्या मांडीवर सगळं दूध काढलं. आईचं इरकल लुगडं, नवा फ्रॉक, गाडीची सीट. आई शांत होती. म्हणाली, “आरं, लेकरू हाय ते, पोतं न्हवं. पोटात दूध घालून गदागदा हलवलंस तर आनि काय व्हनार?”

वर रविवारची गर्दी. नाक्यावर पावती फाडायला रांग, पार्किंगला रांग. साडेबारा झाले. ही ठमीची झोपायची वेळ, आणि मी तिला उन्हात कडेवर घेऊन अंबरखान्याकडे चाललेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या तीन कोठारांची नावं आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यात धान्याचा काय उपयोग झाला असेल, हे मी बायकोला सांगत होतो. ठमीला तिथे एक पायरी सापडली. एकच, फूटभर उंचीची. ती चढली, उतरली, चढली, उतरली. आईने मोजलं, सतरा वेळा. उचलायला गेलो की अंग ताठ करून किंचाळायची. मागे तीन कोठारं उभी, आणि आम्ही चार जण एका पायरीभोवती.

मग झुणका-भाकर. चटईवर बसलो, ताटं आली. मी पाण्याची बाटली उघडायला वळलो तेवढ्यात ठमीचं बोट ठेच्यात आणि बोट तोंडात. एक क्षण काहीच झालं नाही. डोळे मोठे झाले, ओठ थरथरले, आणि मग जो आवाज निघाला त्याने शेजारच्या चटईवरच्या मंडळींचे घास हातात राहिले. भाकरी थापणाऱ्या मावशी हातातली अर्धी भाकरी टाकून दह्याची वाटी घेऊन आल्या. दही जिभेवर, दही ओठांवर, आणि मुख्य म्हणजे त्यांनी ते बोट दह्यात बुडवूनच ठेवलं, म्हणजे डोळ्याकडे जायला नको. हे मला सुचलं नसतं. पंधरा मिनिटांनी हुंदके थांबले. दह्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

तीनला उतरलो. केर्लीजवळ ठमी झोपली, साडेपाचला घरी उठली, आणि रात्री बारापर्यंत टक्क जागी. सज्जाकोठी मी लांबूनसुद्धा पाहिली नाही.

मंगळवारी लसीसाठी डॉक्टरांकडे जायचंच होतं, तेव्हा उलटीचं विचारलं. त्यांचं म्हणणं, दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं तसं कमीच असतं. निघता निघता पोटभर दूध पाजलं, मांडीवर आडवं धरलं आणि घाट, एवढं पुरतं. दूध आणि निघणं यांत तासभर जाऊ द्या, डोकं सरळ राहील असं बसवा. औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. मग त्यांनी विचारलं, “गाडीत सीट आहे ना तिची?” मी म्हटलं, आईची मांडी आहे. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

घरी येऊन वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ ब कलम आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंड. दंड मी आजवर कुणाला झालेला पाहिला नाही. पण मांडीवरचं मूल अचानक ब्रेक लागल्यावर कुठे जाईल, याचा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. ओळखीतून एक वापरलेली सीट साडेचार हजारांत मिळाली. घेताना मालकाला एकच गोष्ट स्पष्ट विचारा: ही सीट अपघातातून गेली आहे का? आणि पट्ट्याची खटकी स्वतः दहा वेळा लावून-काढून बघा. या वयाला सीट मागे तोंड करून लावायची, आणि पुढच्या सीटवर एअरबॅग असते म्हणून ती मागच्याच बाकावर लावायची.

आठवडाभर ठमी त्या सीटमध्ये बसली की रडायची. आम्ही ती सीट घरात आणून हॉलमध्ये ठेवली. तिने आधी तिच्यात अस्वल बसवलं, मग बटाटे, मग स्वतः बसली. त्यानंतर रोज सकाळी सातला गाडीतून रंकाळ्याला एक चक्कर. जायला दहा मिनिटं, संध्यामठाच्या बाजूला बसून बदकं बघायची, यायला दहा मिनिटं. चौपाटीवर संध्याकाळी भेळेची आणि घोडागाडीची गर्दी असते, सकाळी नुसती चालणारी माणसं. सहा दिवसांत रडणं थांबलं. एका रविवारी न्यू पॅलेसला गेलो. १८८४ मध्ये बांधून झालेला तो राजवाडा, आतलं संग्रहालय, भुसा भरलेले वाघ, यातलं आम्ही काहीच पाहिलं नाही. आवारातल्या हरणांच्या जाळीशी पाऊण तास उभे राहिलो आणि घरी आलो. अकराला घरी, बाराला वरण-भात, साडेबाराला झोप. पन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच कुणी रडलं नव्हतं, मी धरून.

त्या दिवशी बायकोने हिशोब मांडला आणि तेव्हापासून आमच्या घरात तोच चालतो. ठमीचा दिवस म्हणजे साडेसहा ते साडेबारा आणि अडीच ते साडेसात असे दोन तुकडे. एका तुकड्यात जाणं, एक गोष्ट, खाणं आणि येणं. दुसरी गोष्ट काढायची नाही. लांब जायचं तर प्रवास झोपेत बसवायचा. मी म्हटलं, मग बघून काय होणार? ती म्हणाली, “तू बघायला वेगळा जा ना, मी अडवलंय का?”

आता कागदपत्रं. मुक्कामाला जायचं तर ठमीचं ओळखपत्र असावं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. २५ नोव्हेंबरला आम्ही तिघं आधार केंद्रावर. पाच वर्षांखालच्या मुलांचं बाल आधार निघतं, निळ्या रंगाचं. बोटांचे ठसे आणि डोळे घेत नाहीत, फक्त फोटो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाला स्वतःचा ठसा द्यावा लागतो. लागतो तो मुलाचा जन्मदाखला. तो मी मोठ्या ऐटीत पुढे केला. खिडकीतल्या मुलीने तो पाहिला आणि परत सरकवला. “यात बाळाचं नावच नाही हो.”

खरंच नव्हतं. जन्म झाला, दवाखान्यातून नोंद गेली, तेव्हा बारसं व्हायचं होतं. दाखल्यात आईचं नाव, वडिलांचं नाव, लिंग, वेळ, सगळं आणि नावाच्या जागी आडवी रेघ. वीस महिने तो कागद आम्ही फाईलमध्ये जपून ठेवला आणि रेघ कुणाला दिसली नाही. नाव नंतर घालता येतं. पहिल्या वर्षात घातलं तर फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शुल्क अगदी किरकोळ, पण हेलपाटे किरकोळ नाहीत. २८ नोव्हेंबरला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर अर्ज, दोघांची आधार कार्डं, मूळ दाखला. तिथे कळलं की अर्जावर दोघांच्याही सह्या हव्यात आणि बायको कामावर. सोमवारी पुन्हा. ९ डिसेंबरला नवा दाखला हातात आला. नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे, खिडकीसमोर उभं राहूनच तपासा. आमच्या आडनावात एक अक्षर जास्त होतं. त्यांनी दहा मिनिटांत दुरुस्त करून दिलं. घरी येऊन दिसलं असतं तर पुन्हा अर्ज.

११ डिसेंबरला पुन्हा आधार केंद्र. नोंदणीला पैसे नाहीत. फोटोसाठी ठमीला स्टुलावर बसवलं तर ती कॅमेऱ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. आतल्या मुलीने शेवटी स्वतःच्या डोक्यावर स्टेपलर ठेवला, तेव्हा समोर पाहिलं. २ जानेवारीला कार्ड डाउनलोड झालं. पाच वर्षांची झाली की ठसे द्यायला पुन्हा न्यायचं, मग पंधराव्या वर्षी. आणि आता गंमत सांगतो. मालवणला जिथे उतरलो तिथे त्यांनी आम्हा तिघांची ओळखपत्रं घेतली आणि ठमीचं निळं कार्ड मी पुढे करत असताना म्हणाले, “ह्येचा कशाक?” म्हणजे या सगळ्याची सहलीला काडीची गरज नव्हती. पण जन्मदाखल्यावरची रेघ या निमित्ताने गेली. तुमच्याकडचा एकदा काढून बघा.

मधल्या काळात दोन सहली झाल्या.

७ डिसेंबरला कणेरी मठ. गावापासून दहा-बारा किलोमीटर, हायवे सोडून आत. सिद्धगिरीचं ते खेड्याचं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, बलुतेदार, न्हावी, कुंभार, शेतकरी, बैल, सगळे माणसाएवढ्या आकाराचे पुतळे. दार उघडायच्या वेळेला पोचलो. ठमीला ते पुतळे आहेत हे कळलंच नाही. हजामत करणाऱ्या न्हाव्याला तिने “काका” म्हणून हाक मारली. काका बोलत नाही म्हटल्यावर रागावली. पुढे एका पुतळ्याच्या कुत्र्याला बिस्किट दिलं, त्याच्या तोंडासमोर ठेवून वाट पाहत बसली, आणि मग तेच बिस्किट स्वतः खाल्लं. मला वाटलं होतं, मोठे बैल पाहून घाबरेल. घाबरली ती एका जिवंत आजींना, ज्या बाकावर निश्चल बसल्या होत्या आणि अचानक खोकल्या. बाबागाडी नेली होती, ती निम्मा वेळ मी उचलून फिरवली. वाट लांब आहे आणि एकदा आत शिरलं की पूर्ण फेरी मारूनच बाहेर, हे लक्षात ठेवा. सव्वाबाराला गाडीत बसलो, उजळाईवाडीच्या आधीच ठमी झोपली.

१६ डिसेंबर, मंगळवार, नरसोबाची वाडी. दत्तजयंती चार तारखेला होऊन गेलेली, गुरुवार नाही, पौर्णिमा नाही, शनिवार-रविवार नाही, असा दिवस मुद्दाम काढला. आईची इच्छा एसटीने जायची, कारण तिला गाडीत ठमीच्या सीटशेजारी अंग चोरून बसावं लागतं. हिशोब बघा: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बायकांना अर्धं, म्हणजे बायको अर्धी, आई अर्धी, मी पूर्ण. चार माणसं दोन तिकिटांत. पण फुकटच्या मुलाला वेगळी जागा मागता येत नाही, ती मांडीवरच, आणि एसटीत सीट बांधायला पट्टा नाही, हे मनाला लागतं. चालकाच्या मागच्या दोन रांगांत धक्के कमी बसतात. मागच्या चाकावरची जागा टाळा.

वाटेत एका स्थानकावर (नाव घेत नाही) डायपर बदलायची वेळ आली. तिथे हिरकणी कक्ष आहे, बाळाला पाजणाऱ्या बायांसाठी. चांगलीच सोय. दाराला कुलूप. चौकशी केली, तर चावी साहेबांकडे आणि साहेब जेवायला, सकाळी दहाला. मिळाली तरी मी बाप, मला आत जाता येत नाही, आणि येऊ नये हेही बरोबरच. पण मग बापाने बदलायचं कुठे? पुरुषांच्या मुतारीत? मी बाकावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर ठमी, आणि आजूबाजूच्या सात-आठ जणांनी मला सूचना केल्या. एकीने पावडर देऊ केली. तेव्हापासून पिशवीत एक घडीची मेणकापडी चादर कायम असते, आणि गाडीने गेलो की डिकी उघडून तिथेच दुकान मांडतो. डिकीसारखी जागा दुसरी नाही. उंची बरोबर, वर सावली.

वाडीला पोचलो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, खाली घाट, पादुकांचं दर्शन. पावसाळ्यात देवळात पाणी शिरतं, ते कुठवर येतं हे आईने नातीला हात वर करून दाखवलं. दर्शन वीस मिनिटांत झालं. मग ठमीला घाटाची शेवटून तिसरी पायरी आणि नदी सापडली. खडा उचलायचा, टाकायचा, ‘डुबुक’ म्हणायचं. चाळीस मिनिटं. मी खालच्या पायरीवर पाण्याकडे पाठ करून बसलेलो, दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारखा. घाट शेवाळलेला असतो, मुलाला क्षणभरही मोकळं सोडू नका आणि स्वतः चप्पल काढून बसा. बासुंदीची तिने दोन बोटं चाटली. कवठाची बर्फी तोंडात घेतली आणि आजीच्या हातावर परत दिली.

माझ्या मनात खिद्रापूर होतं. तिथून जवळच, कोपेश्वराच्या देवळाच्या पायाशी दगडी हत्तींची रांग आहे, ठमीला हत्ती फार आवडतात, स्वर्गमंडपाचं उघडं गोल छत आईनेही पाहिलेलं नाही. मी तोंड उघडलं. बायकोने घड्याळ दाखवलं. अकरा पंचवीस. तोंड मिटलं.

मालवणचं ठरवताना माझ्या डोक्यात आधी २४ ते २६ जानेवारी होती, सुट्ट्या जोडून येत होत्या. मालवणला पहिला फोन लावला तर दोन रात्रींचं मिळून सांगितलेलं भाडं ऐकून मी ते दोनदा विचारलं. शेवटी २७ ते २९, मंगळवार ते गुरुवार, तीन दिवसांची रजा टाकून. तीच खोली दोन हजार रुपये रात्र, जादा गादीचे दोनशे, पाच वर्षांखालच्या मुलाचे नाहीत. हॉटेल न घेता घरगुती न्याहारी-निवास घेतलं, आणि फोनवर विचारायचे प्रश्न बायकोने लिहून दिले. पलंग भिंतीला लावता येईल का? (ठमी झोपेत गोल फिरते.) खोली तळमजल्यावर आहे का? विहिरीला कठडा आहे का? गरम पाणी किती वाजता, बादलीने की नळाने? रात्री साडेसातला बिनतिखटाचा भात मिळेल का? विहिरीचा प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला होता. कोकणात प्रत्येक घराला विहीर असते आणि प्रत्येक विहिरीला कठडा असतोच असं नाही. दोन ठिकाणी ‘नाही’ हे उत्तर आलं.

२७ ला पहाटे पाचला निघालो. आदल्या रात्री बॅगा गाडीत, सीट लावलेली, ठमी रात्रीच्याच कपड्यांत. बायकोने तिला गोधडीसकट उचललं आणि सीटमध्ये ठेवलं. डोळे उघडले, मिटले. ही गोधडी आईच्या जुन्या लुगड्याची, दोन हात लांब, कडा कुरतडलेली. तिच्याशिवाय ठमी झोपत नाही. राधानगरीला सव्वासहाला जाग आली. तिथे थांबलो, दूध दिलं, आणि बरोबर तासभर रस्त्याच्या कडेला कोंबड्या बघत उभे राहिलो, डॉक्टरांचं ऐकून. दाजीपूरच्या जंगलाजवळ धुकं होतं. गवा दिसेल म्हणून मी गाडी हळू घेतली, गवा दिसला नाही. फोंडा घाट आईने जपमाळ हातात घेऊन उतरला. एकही उलटी नाही. कणकवली, कसाल करत दहा वाजून वीस मिनिटांनी मालवण.

आता समुद्र. चार दिवस आम्ही तिला पुस्तकातला समुद्र दाखवत होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं, चप्पल काढली, वाळूत उभं केलं. तिने दोन्ही पाय उचलून घेतले. म्हणजे मी काखेत धरलेली आणि ती पोटाशी पाय घेऊन लोंबकळतेय. पुन्हा टेकवलं, पुन्हा वर. वाळू पायाखाली हलते हे तिला मंजूरच नव्हतं. दीडशे किलोमीटर आणलेली पोरगी तासभर माझ्या खांद्यावरून समुद्र बघत होती आणि पाय कुठे टेकायला तयार नव्हती. शेवटी मी चटई अंथरली. ती चटईच्या मधोमध बसली, बेटावर बसल्यासारखी, आणि कुणाच्या पायाने वाळू आली की बोट दाखवून “छी” म्हणायची.

त्या रात्री ती जेवलीही नाही. भात नको, दूध नको. नवी जागा, नवे वास. सकाळी त्या न्याहारी-निवासाच्या काकूंनी पाहिलं आणि स्वयंपाकघरातून वाटी आणली. “चेडवाक वायच पेज देऊन बघा.” उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा बारीक कीस आणि मिठाचे चार कण. तांबूस दाणे तळाला, वर दाटसर पाणी. ठमीने आधी बोट बुडवलं (ठेच्यापासून ती बोट आधी बघते, मग चाटते), मग चमचा स्वतःकडे ओढला, आणि वाटी दोन्ही हातांनी उचलून प्यायली. दुसरी वाटी मागितली. आम्ही घरून नाचणीचं सत्त्व, खिमटाचं पीठ, तीन प्रकारचे डबे आणले होते, ते तसेच परत गेले. येताना दोन किलो उकडा तांदूळ घेतला.

२८ ला सिंधुदुर्ग. जेटीवर होडीवाल्याला विचारलं, लहान मुलाचं लाइफ जॅकेट आहे का? मोठंच होतं, ठमीच्या टाचांपर्यंत आलं असतं. “धरून बसा, काय होत नाय,” तो म्हणाला. नसेलही होत. पण आम्ही ठरवलं, आई आणि बायको जातील, मी खाली थांबतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झालेला तो किल्ला मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, आईने कधीच नाही. दोघी परत आल्या तेव्हा आई नेहमीपेक्षा हळू चालत होती, थकून नव्हे. शिवराजेश्वराच्या देवळाचं सांगितलं आणि मग विहिरींचं: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. “चारी अंगाला खारं पानी आनि मधी ग्वाड. मी पिऊन बघितलं,” एवढंच म्हणाली. कडेवर मूल असतं तर तिला हे बघायला मिळालं नसतं, हे मी नंतर बायकोशी बोललो.

तोवर जेटीवर माझं काय झालं म्हणाल, तर ठमीला एक मांजर सापडलं. मांजर वाळूत गेलं. ठमी कडेला उभी राहिली, मांजराकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. संध्याकाळी ती वाळूत फतकल मारून बसली होती आणि गोधडीवर वाळू ओतत होती.

खर्चाचं सांगतो, कारण मीही तेच शोधत होतो. राहणं दोन रात्रींचं जादा गादीसह ४,४००, पेट्रोल साधारण २,६००, जेवणखाण ३,३००, होडी, पार्किंग आणि किरकोळ धरून साडेअकरा हजारांच्या आत. डायपर वेगळे.

२९ ला उलटा कार्यक्रम. दुपारचं जेवण करून साडेबाराला निघालो म्हणजे घाट झोपेत चढेल. चढलाही. राधानगरीला ठमी उठली, गोधडी मागितली, आणि बॅगा उपसल्यावर कळलं की ती मालवणला पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत राहिली.

पुढच्या दोन रात्री मी सांगत नाही. आईने दुसरं लुगडं कापलं, कडा मुद्दाम कुरतडल्या. ठमीने ते हुंगलं आणि फेकलं. काकूंनी फोनवर सांगितलं, मासे घेऊन कोल्हापूरला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडे देते. ३१ ला पहाटे साडेपाचला मी मासळी बाजाराबाहेर उभा होतो. बांगड्याच्या दोन खोक्यांच्या मधून त्याने पिशवी काढून दिली.

वास असा होता की आई म्हणाली, आधी धू. बायको म्हणाली, धुतली तर ती हीच आहे हे तिला कळणार कसं? वाद चालू असतानाच ठमी उठून आली, गोधडी ओढून घेतली, पलंगावर चढली आणि ती पसरली. घड्यांतून मूठभर वाळू चादरीवर सांडली. ठमीने वाळूकडे पाहिलं आणि दोन्ही पाय वर उचलले.